लांछन की भूषण?

गेल्या कार्तिकातील गोष्ट. दीपोत्सवाच्या तयारीसाठी आम्ही मंडळी सभामंडपात बसलो असता एक वृद्ध सुभेदार भेटीस आले. सैन्यातून निवृत्त होऊन त्यांस पुष्कळ वर्षे झाली आहेत. उत्सवात मुलांसाठी जुन्या वस्तूंचे छोटेसे प्रदर्शन मांडण्याचे आम्ही ठरविले होते. ते ऐकून त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला एक पितळी बिल्ला काढला आणि आमच्यापुढे ठेवला. तो त्यांच्या वडिलांच्या टोपीवरचा. वडील १९४१ साली येथेच, आपल्या बेळगावात, महार पलटणीत भरती झाले होते. बिल्ल्यावर तिपाईवर मांडलेल्या दोन आडव्या-तिडव्या मशीनगन, त्यांच्या मधोमध एक उंच दगडी स्तंभ, आणि खाली पलटणीचे नाव.

आमच्यापैकी एका तरुणाने सहज विचारले, "आजच्या बिल्ल्यावर तर खंजीर असतो ना?" सुभेदार म्हणाले, "होय. माझ्या टोपीवर खंजीरच होता. स्तंभ वडिलांच्या वेळचा." एवढे बोलून ते थांबले. मंडळींमध्येही क्षणभर कोणी काही बोलले नाही, कारण तो स्तंभ कोणता हे आमच्यापैकी बहुतेकांस ठाऊक होते. हे असले मौन आपल्या घराघरांतून अनेक वर्षे चालत आले आहे. त्या मौनाविषयीच आज चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते.

प्रथम बिल्ला म्हणजे काय ते पाहू. युरोपात बाराव्या शतकाच्या सुमारास सरदार लोक डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात बंद होऊन लढू लागले. शिरस्त्राणाखाली चेहरा दिसेना, तेव्हा ढालीवरच्या चित्रावरून माणूस ओळखण्याची पद्धत पडली. पुढे त्या चित्रांचे एक शास्त्रच झाले आणि कोणत्या घराण्याने सिंह धरावा, कोणी गरुड, याचे नियम ठरले. पलटणींचे बिल्ले हे त्याच शास्त्राचे अपत्य होय. आपणांस ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. अर्जुनाच्या रथावर कपी होता, भीष्मांच्या रथावर ताड होता. आपल्या गावी ज्या मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, तिच्या बिल्ल्यावरील बिगूल आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. हलकी पायदळ सेना पांगून लढते, तिला ढोलाच्या तालावर हलविता येत नाही, म्हणून शिकाऱ्यांचे शिंग तिचे चिन्ह झाले. तेथे चिन्ह कामाची पद्धत सांगते. महार पलटणीच्या बिल्ल्यावरील मशीनगनही तशाच. पाण्याने थंड राखली जाणारी, पट्ट्यातून गोळ्या घेणारी ती व्हिकर्स तोफ आज कोणी वापरीत नाही. १९४६ साली या पलटणीला मशीनगन रेजिमेंट करण्यात आले होते, पुढे ती सामान्य पायदळ झाली. तरी बंदुका बिल्ल्यावर राहिल्या. जुने हत्यार चिन्हात राहिले म्हणून कोणाची तक्रार नाही.

तक्रार झाली ती स्तंभाची.

आपल्या भाषेत अशा खुणेला एक जुना शब्द आहे: लांछन. जैन तीर्थंकरांची लांछने असतात. त्यांवरून मूर्ती वृषभनाथांची की महावीरांची ते कळते. चंद्राचा डाग हेही लांछनच. आणि कुळाला लांछन लागले असेही आपण म्हणतो. ओळखीची खूण आणि बदनामीचा डाग या दोहोंस एकच शब्द असावा हे पाहून आम्हांस नेहमी नवल वाटे. त्या बिल्ल्याने आमचे नवल काहीसे फिटले.

हा स्तंभ भीमेच्या काठी कोरेगाव येथे उभा आहे. १ जानेवारी १८१८ रोजी तेथे जी लढाई झाली तिची हकिगत थोडक्यात अशी. पुण्यातील इंग्रजी फौजेच्या मदतीस कॅप्टन स्टॉन्टन शिरूरहून रात्रीचा निघाला. त्याच्याबरोबर मुंबई पायदळाच्या एका बटालियनचे सुमारे ५०० शिपाई, सुमारे ३०० घोडेस्वार, दोन तोफा आणि त्या चालविणारे थोडे मद्रासी तोफखान्याचे लोक होते. सर्व मिळून आठशेच्या वर थोडे. सकाळी कोरेगावाजवळ येताच नदीपलीकडे दुसऱ्या बाजीरावाची सुमारे २८,००० फौज दिसली. त्या फौजेतून सुमारे २,००० लोक गावावर चालून आले. त्यांत अरब होते, गोसावी होते, मराठे होते. दिवसभर गल्लीबोळांतून झुंज झाली. कंपनीच्या लोकांस ना अन्न मिळाले ना पाणी. नदी डोळ्यांसमोर होती, पण तिथवर पोचण्याची वाट नव्हती. रात्री पेशव्यांच्या फौजेने हल्ला थांबविला आणि ती निघून गेली. कंपनीच्या सुमारे ८३४ लोकांपैकी २७५ मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. जून १८१८मध्ये बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि बिठूरास गेला.

कंपनीने १८२१ साली तेथे स्तंभाचा पाया घातला. त्यावर पडलेल्यांची ४९ नावे कोरली आहेत. त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. ती महार शिपायांची होत. इतर नावे इतर जातिधर्मांच्या माणसांची. आमच्या मते त्या दगडावरील सर्वांत विलक्षण गोष्ट हीच. कंपनीने तो स्तंभ आपल्या फुशारकीसाठी उभारला यात शंका नाही, आणि त्यावरील मजकूरही तसाच आहे. परंतु ज्या काळी या माणसाची सावली विहिरीवर पडू नये म्हणून आपले पूर्वज जपत होते, त्या काळी त्याचे नाव इतरांच्या नावाबरोबर त्याच दगडावर, त्याच टाकीने कोरले गेले. अन्यत्र असे कोठे झाले होते? आपल्या देवळांतील पायऱ्यांवर, दीपमाळांवर, घाटांवर दात्यांची नावे पुष्कळ आहेत. त्यांत 'नाक' असलेली किती आहेत हे ज्याने त्याने आपल्या गावी जाऊन पाहावे.

पुढची कथा इंग्रजांनाही शोभणारी नाही. महारांनी कंपनीच्या आणि नंतर राणीच्या सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, आणि बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली इंदूरजवळील महू छावणीत झाला, हे आपणांस माहीत आहेच. परंतु लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती अशी एक विपरीत वर्गवारी त्या काळी इंग्रज सेनापतींच्या डोक्यात शिरली आणि १८९०च्या दशकाच्या आरंभी महारांची भरती बंद झाली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज केला. १९१०मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी केला. आमच्या पूर्वजांनी तुमच्यासाठी रक्त सांडले आहे, हा त्या अर्जांचा आधार होता. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपताच १९२१पर्यंत मोडली गेली. म्हणजे ज्यांनी स्तंभ बांधला त्यांनाच स्तंभाचा विसर पडला होता. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले. कंपनीच्या विजयाचा सोहळा करण्यास ते गेले नव्हते हे उघड आहे. ज्या लोकांना लढता येत नाही असे सरकार म्हणत होते आणि ज्यांना माणसांत बसता येत नाही असे समाज म्हणत होता, त्यांच्यापाशी दोघांस दाखविण्याजोगा एकच लेखी पुरावा होता, आणि तो दगडावर होता.

१९४१च्या जुलैत डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर आले. त्यांनी आग्रह धरला, आणि त्या वर्षी १ ऑक्टोबर रोजी बेळगावात पहिली महार बटालियन उभी राहिली. तिच्या टोपीवर कोरेगावचा स्तंभ आला. येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी. कोरेगावास लढलेल्या बटालियनचा वारसा सैन्याच्या दप्तरी ग्रेनेडियर्स पलटणीकडे जातो. महार पलटण तर नव्याने उभी केलेली. म्हणजे हा स्तंभ बिल्ल्यावर पलटणीच्या वंशावळीने आला नव्हता, तो माणसांच्या वंशावळीने आला होता. टोपी घालणाऱ्याचा खापरपणजोबा त्या दगडावर असू शकत होता.

नंतर स्वातंत्र्य आले. बिल्ल्यांवरील राजमुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. भारतीयांविरुद्ध लढून मिळविलेले रणसन्मान मिरवू नयेत असे धोरण ठरले. स्तंभ उतरला आणि त्याच्या जागी खंजीर आला.

हे योग्य झाले काय? योग्य झाले असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे बळकट आहे, आणि ते आम्ही पातळ करून मांडू इच्छीत नाही. स्वतंत्र देशाच्या शिपायाने परक्या व्यापारी कंपनीचा विजयस्तंभ कपाळावर का वागवावा? शिवाय पलटण आता एका जातीची राहिली नाही. तीत सर्व प्रांतांचे आणि सर्व जातींचे लोक आहेत. १९८७ साली श्रीलंकेत धारातीर्थी पडून परमवीर चक्र मिळविणारे मेजर रामस्वामी परमेश्वरन याच पलटणीचे. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन सरसेनापती याच पलटणीतून आले. तमिळ, तेलुगू, पंजाबी शिपायाला भीमेकाठच्या त्या दगडाशी काय कर्तव्य? खंजीर सर्वांचा होऊ शकतो.

हे सर्व मान्य करूनही एक खडा दाताखाली येतो. वर ज्या ग्रेनेडियर्स पलटणीचा उल्लेख केला, तिच्या बिल्ल्यावर जळत्या हातगोळ्यावर एक पांढरा घोडा आहे. तो हॅनोव्हर नावाच्या जर्मन घराण्याचा. त्या घराण्याचे राजे इंग्लंडच्या गादीवर बसले म्हणून तो घोडा पलटणींच्या टोप्यांवर चढला. तो तेथे अजून आहे. त्याने कोणाचे मन दुखावले असे ऐकिवात नाही. आम्हांस त्या शूर पलटणीचा घोडा काढून घ्यावयाचा नाही. केवळ इतकेच दिसते की परकेपणा ही एकच कसोटी असती तर घोडाही उतरला असता. स्तंभ खुपत होता तो निराळ्या ठिकाणी.

कोठे, हे आपण मनाशी कबूल करावे. आपल्यापैकी कित्येक कुटुंबांचे मूळ पेशवाईत आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आपल्या आप्तांचे तर अधिकच. शनिवारवाडा म्हटले की आपणांस पराक्रम आठवतो, आणि १८१८ म्हटले की सूतक. त्याच साली दुसऱ्या कोणाच्या घरी सुटकेचा दिवा लागला असेल हा विचार आपल्या अंगणात शिरू देण्यास आपण तयार नव्हतो. अलीकडे कोरेगावच्या लढाईवरून दोन टोकांची भाषा ऐकू येते. एकजण म्हणतो, ते स्वराज्याविरुद्ध परक्याच्या बाजूने लढले. दुसरा म्हणतो, ते जातिजुलमाविरुद्धचे युद्ध होते. १ जानेवारी २०१८ रोजी, लढाईला दोनशे वर्षे होत असता, त्या परिसरात दंगल उसळली आणि एका तरुणाचा प्राण गेला. त्या दिवशी भीमेकाठी तहानेने व्याकूळ झालेल्या शिपायाच्या मनात काय होते हे कोणी लिहून ठेवलेले नाही. दोन्ही बाजूंस पगारी शिपाई होते. एकीकडे अरब, दुसरीकडे महारांबरोबर इतर अनेक. त्याने खाल्ल्या मिठास जागून लढाई केली असेल. पण पुढच्या पिढ्यांना त्या दगडात जो अर्थ सापडला तो त्यामुळे खोटा ठरत नाही. ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले, त्याने गावाच्या राजासाठी का मरावे, हा प्रश्न त्या दगडाने विचारला नसला तरी तो दगड पाहून विचारला जातो, आणि आमच्यापाशी त्याला उत्तर नाही. स्वराज्य म्हणजे कोणाचे राज्य, हे ज्याला कधी सांगितलेच नाही, त्यावर स्वराज्यद्रोहाचा आरोप ठेवण्याचा अधिकार आपणांस कसा पोचतो?

भृगूची कथा आपण कीर्तनांत शेकडो वेळा ऐकली आहे. ऋषींनी विष्णूच्या छातीवर लाथ मारली; देवाने उठून त्यांचे पाय चेपले आणि पायाला लागले तर नाही ना असे विचारले. ती पाऊलखूण देवाने छातीवर तशीच ठेवली. म्हणून तो श्रीवत्सलांछन. ही कथा सांगताना बुवा देवाची क्षमा वाखाणतात, कित्येकजण भृगूचे थोरपण. आम्हांस या वेळी तीत निराळेच दिसले. लाथेची खूण भूषण आहे असे भृगू म्हणाले असते तर ती मग्रुरी झाली असती. ती पुसून टाका असे भृगू म्हणाले असते तर ती सोय झाली असती. खुणेचे काय करावे हे ज्याच्या छातीवर ती होती त्याने ठरविले. ऋषीकडे विचारण्यास कोणी गेले नाही.

याच न्यायाने पाहता स्तंभ राहावा की जावा हे सांगण्याचा अधिकार आपणांस फारच थोडा आहे. तरीही मत विचारलेच तर आम्ही म्हणू की टोपीवरून तो उतरला हे बरे झाले. टोपी ही एका घराची नसते. ती जो घालील त्याची, आणि आज ती सर्वांची आहे. परंतु यात एक देणे शिल्लक राहते. त्या माणसांपाशी एकच साक्षीदार होता. आता देश सर्वांचा झाला, साक्षीची गरज उरली नाही, असे सांगून आपण त्याला टोपीवरून खाली घेतले. गरज खरोखरच उरली नाही काय?

त्या दिवशीची एक गोष्ट वर सांगावयाची आम्ही टाळली, ती आता सांगतो. सुभेदार आले तेव्हा ते सभामंडपात आले नाहीत. खालच्या पायरीवर उभे राहिले आणि तेथूनच बोलू लागले. आम्हीही बोलू लागलो. बराच वेळ कोणाच्या ध्यानातच आले नाही. मग आमच्यातील एका वडीलधाऱ्या बाईंनी म्हटले, "सुभेदारसाहेब, आपण बाहेर का? वर या." ते हसून म्हणाले, "सवय आहे, बाई." कायदा होऊन किती वर्षे झाली ते आम्ही मनात मोजले. नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला २ मार्च १९३०ला. पंढरपूरच्या देवळासाठी साने गुरुजींनी उपोषण केले ते मे १९४७मध्ये. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला, आणि तेव्हा आपले बेळगाव त्याच प्रांतात होते. म्हणजे दार उघडून पाऊणशेहून अधिक वर्षे झाली. ज्या माणसाने देशाच्या सीमेवर हिमात रात्री काढल्या, त्याला आमच्या पायरीवर थांबण्याची सवय होती. ती सवय त्यांना लावली कोणी? आणि समोर बसूनही ती आमच्या डोळ्यांस दिसू नये, ही आमची सवय कोणत्या कायद्याने जाणार? चोखोबांची समाधी पंढरीस महाद्वारापाशी, नामदेव पायरीजवळ आहे. मंगळवेढ्यास भिंत कोसळून ते गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी तेथे आणून ठेवल्या. आपण तिला वंदन करून आत जातो. ती आत का नाही, हे विचारण्यास आपण कधी थांबलो होतो, असे आम्हांस तरी आठवत नाही.

सुभेदार वर आले, चहा झाला. मग प्रदर्शनाचा विषय निघाला. स्तंभाचा बिल्ला मांडावा की नाही यावर मंडळींत दोन मते पडली. एका सभासदाचे म्हणणे पडले की उत्सवात वाद नको. दुसऱ्याने सुचविले की बिल्ला ठेवावा, पण त्याखाली काही लिहू नये. त्यावर बरीच बोलाचाली झाली, आवाजही चढले. आम्ही येथे सर्व एकमताने झाले असे भासविणार नाही. सुभेदार ऐकत होते. शेवटी त्यांनाच विचारावे असे ठरले, आणि इतका वेळ ते कोणास सुचू नये याची आम्हांस लाज वाटली.

ते म्हणाले, "वडिलांचा ठेवा. शेजारी माझाही ठेवा. खाली दोघांची नावे आणि भरतीची साले लिहा. आणखी काही लिहायचे असेल तर खरे तेच लिहा." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचा, खंजिराचा, बिल्ला आणून दिला. चिठ्ठीवरील मजकूर आमच्यापैकी तिघांनी बसून लिहिला, तीन वेळा खोडला, आणि चौथ्या वेळी त्यांना वाचून दाखविला. त्यांनी एक शब्द बदलला. आम्ही 'पराक्रम' लिहिले होते, त्यांनी 'चाकरी' करावयास सांगितले.

दोन्ही बिल्ले उत्सवानंतर वाचनालयाच्या काचेच्या कपाटात ठेवले आहेत. सुभेदारांनी ते माघ पौर्णिमेपर्यंत आमच्याकडे राहू द्यावेत असे मान्य केले आहे. ज्या सभासदांस पाहावयाचे असतील त्यांनी मुलांना घेऊन संध्याकाळी पाच ते सात या वेळात यावे.